कच्च्या फोटोची लेखी कृती

कॅमेऱ्याची रॉ फाइल म्हणजे तयार फोटो नव्हे. ते सेन्सरने नोंदवलेले प्रकाशाचे आकडे असतात. बहुतेक सेन्सरांवर प्रत्येक बिंदूपुढे एकाच रंगाची गाळणी असते: निम्म्यांवर हिरवी, पाव भागावर लाल, पाव भागावर निळी. बाकीचे दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने काढावे लागतात. तो हिशेब कसा झाला, हे कॅमेऱ्यातून आलेली जेपेग सांगत नाही. म्हणूनच रॉ फाइलवरून हा हिशेब करणारा, डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये लिहायला घेतलेला 'डीसीरॉ' हा प्रोग्रॅम मला मोलाचा वाटतो. त्यात खिडक्या नाहीत की बटणे नाहीत. टर्मिनलमध्ये त्याचे नाव टाइप करायचे. पुढे उणे चिन्ह आणि 'डब्ल्यू' लिहिले की कॅमेऱ्याने नोंदवलेला व्हाइट बॅलन्स लागतो, '४' लिहिले की उजेड न चढवता १६ बिटांची नोंद मिळते. ती पडद्यावर काळपट दिसते, पण तिला वरून रंगरंगोटी केलेली नसते.

चित्र न बघता रंग कसे ठरवायचे, हा आक्षेप रास्त आहे. चेहऱ्यावरची सावली उजळायची तर स्लायडरच बरा. पण पोथीच्या पाचशे पानांचे फोटो एकसारखे हवे असतील, तर दर पानाला नजरेवर विसंबणे धोक्याचे. आज्ञेची ओळ आणि प्रोग्रॅमची आवृत्ती जपली, की दहा वर्षांनीही तोच निकाल काढता येतो. डीसीरॉची शेवटची आवृत्ती २०१८ची, त्यामुळे नवे कॅमेरे त्याला ओळखता येत नाहीत, हे खरे. मात्र त्याचा कोड खुला होता. त्यातूनच 'लिबरॉ' उभे राहिले आणि ते काम पुढे चालू आहे.