चाकाचे बेअरिंग घरी बदलताना

वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर ऐकू आली, की चाकाचे बेअरिंग झिजल्याची शंका घ्यावी. अनेक मोटारींत ते चाकामागील ओतीव घरात घट्ट दाबून बसवलेले असते. गॅरेजमध्ये त्यासाठी हायड्रॉलिक प्रेस वापरतात. घरी आट्यांचा मजबूत दांडा, दोन नट, जाड वॉशर आणि योग्य मापाचा पाइपचा तुकडा यांवर काम भागते. नट सावकाश आवळत गेल्यास बेअरिंग सरळ आत सरकते.

मात्र दाब कोठे द्यायचा, याला महत्त्व आहे. बेअरिंग घरात बसवताना तो केवळ बाहेरच्या कडीवर द्यावा. आतल्या कडीवर दिलेला दाब छर्‍यांमधून जातो, कड्यांवर सूक्ष्म खळगे पडतात आणि नवे बेअरिंगही लवकरच घरघरू लागते. हातोडीचे घाव याच कारणाने टाळावेत. पुढे हब बसवताना उलट आतल्या कडीला आधार द्यावा.

गाडी केवळ जॅकवर ठेवून काम करू नये. भक्कम स्टँड लावावेत. मधला नट नवा वापरावा आणि टॉर्क रेंचने, उत्पादकाने दिलेल्या मापानेच आवळावा. येथे अंदाज चालत नाही.