खऱ्या मंचुरियातली भाजी : बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची

आज आम्ही तुम्हाला एक चायनीज भाजी सांगणार आहोत. दचकू नका, तिचं सगळं सामान आपल्या घरात असतं. फक्त सोया सॉसची एक छोटी बाटली आणावी लागेल.

आधी ही भाजी आमच्या गटात कशी आली ते सांगतो. मागे एका बैठकीत आमच्यातल्या एका ताईंनी महिन्याची बचत भरली नाही. विचारलं तर खाली बघून म्हणाल्या, "पोरगा शाळेतून येताना रोज गाडीवर चायनीज खातो. ३० रुपये प्लेट. पैसे नाही दिले तर रात्री जेवत नाही." आम्ही तिथेच हिशेब मांडला. महिन्याचे शाळेचे २० दिवस धरले तरी ६०० रुपये झाले. आमच्या गटाची मासिक बचत २०० रुपये आहे. आणि त्याच ताईंच्या घरात वांग्यांची पाटी पडून होती, कारण बाजारात नेली तर गाडीभाडंही सुटत नव्हतं.

पोराला रागावून काही होणार नव्हतं. गाडीवाल्याचंही पोट त्यावरच आहे. मग ठरलं, चायनीजच पाहिजे ना, तर घरीच करू. आणि करायचंच तर चीनमधले शेतकरी घरी काय खातात ते करू.

माहिती काढली तेव्हा पहिली गंमत कळली. आपण गाडीवर जे मंचुरियन खातो, ते चीनमध्ये कुणी करत नाही. मुंबईत १९७५ च्या सुमारास नेल्सन वांग या स्वयंपाक्यांनी ते पहिल्यांदा केलं, असं सांगितलं जातं. म्हणजे पदार्थ आपल्याकडचाच, नाव मात्र मंचुरियाचं. मंचुरिया हे चीनच्या ईशान्य भागाचं जुनं नाव. आज तिथे हेइलोंगच्यांग, चीलिन आणि ल्याओनिंग असे तीन प्रांत आहेत.

या भागात थंडी भयंकर. हार्बिन शहरात जानेवारीत पारा शून्याखाली २० अंशांच्याही खाली उतरतो. शेतात काही उगवत नाही. म्हणून बायाबापड्या हिवाळ्याआधीच बटाटे, मुळा, कोबी तळघरात साठवतात, वांग्याच्या चकत्या वाळवतात, मोठमोठ्या रांजणांत कोबी आंबवतात. आपण पावसाळ्याआधी वाळवणं करतो, तशीच ही लगबग.

तिथला उन्हाळा छोटा. तो सरता सरता मळ्यात वांगी, मिरच्या आणि बटाटे हाताशी येतात. या तिघांची एकत्र भाजी म्हणजे 'दी सान श्येन'. 'दी' म्हणजे जमीन, 'सान' म्हणजे तीन आणि 'श्येन' म्हणजे ताजं, चवदार. जमिनीतले तीन चवदार जिन्नस, असा त्याचा अर्थ. घरोघरी होते आणि हॉटेलातही मानानं वाढली जाते. आपण मात्र पाहुणे आले की म्हणतो, "काही नाही हो, साधी बटाटा-वांगं केलंय."

या तिघांत वांगं आपल्या बाजूचं. ते भारताच्या परिसरातून चीनमध्ये गेलं, त्यालाही दोन हजार वर्षं होत आली. बटाटा आणि मिरची मूळच्या अमेरिकेतल्या. आपल्याकडे बटाटा पोर्तुगीजांनी आणला आणि नावही त्यांचंच राहिलं.

आता वही-पेन घ्या. चार माणसांसाठी साहित्य सांगतो. तीन मध्यम बटाटे, पाव किलोच्या वर थोडी लांबट जांभळी वांगी, दोन ढोबळ्या मिरच्या, लसणाच्या आठ पाकळ्या, कांद्याची थोडी पात, तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि पाच-सहा मोठे चमचे तेल. रसासाठी दोन मोठे चमचे सोया सॉस, एक छोटा चमचा साखर, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर आणि अर्धी वाटी पाणी. हे रसाचं सगळं एका वाटीत आधीच कालवून ठेवा.

पहिल्या वेळी आमची भाजी फसली, तेही सांगतो. सवयीप्रमाणे फोडणी केली, तिन्ही भाज्या एकदम टाकल्या आणि वर झाकण ठेवलं. वांग्याचा लगदा झाला, बटाटा कच्चा राहिला आणि मिरची काळवंडली. तेव्हा कळलं की या भाजीत मसाला फारसा नाहीच, सगळी करामत क्रमात आहे. तिन्ही भाज्या वेगवेगळ्या परतायच्या, शेवटी एकत्र आणायच्या आणि झाकण अजिबात ठेवायचं नाही. झाकणाखाली वाफ कोंडते आणि खरपूस झालेलं सगळं मऊ पडतं.

बटाट्याच्या फोडी करताना एक काप तिरका घ्या, बटाटा हातानं थोडा फिरवा, पुन्हा तिरका काप घ्या. फोडीला जास्त कडा मिळतात आणि त्या छान खरपूस होतात. फोडी पाच मिनिटं उकळून घ्या आणि फडक्यावर कोरड्या करा. चीनमध्ये त्या भरपूर तेलात तळतात. आपल्याला तेल वाचवायचं आहे, म्हणून आम्ही आधी उकळतो.

वांगं हे स्पंजासारखं असतं. आत हवेच्या पोकळ्या असतात, त्यात तेल शिरतं. म्हणून वांग्याच्या मोठ्या फोडींना अर्धा छोटा चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवा. पाणी सुटेल, ते हलक्या हातानं पिळून टाका. पोकळ्या दबल्या की वांगं तेल कमी पितं. कढईत टाकायच्या अगदी आधी उरलेलं कॉर्नफ्लोअर फोडींना लावा. लावून ठेवलं तर चिकट होतं.

आता कढई तापवा. निम्म्या तेलात बटाटे सोनेरी होईपर्यंत परता आणि काढून ठेवा. उरलेलं तेल घालून चांगलं तापू द्या, मग वांगी टाका. तेल कोमट असेल तर मीठ लावूनही उपयोग नाही. वांगी बाहेरून खरपूस, आतून मऊ झाली की काढा. मिरची हातानं तोडून अर्धा मिनिट परता, तिचा हिरवा रंग टिकला पाहिजे. तीही काढा.

कढईत एखादा चमचा तेल उरलं असेल, त्यात निम्मा ठेचलेला लसूण आणि पात टाका. वाटीतला रस ढवळून ओता, कारण कॉर्नफ्लोअर खाली बसतं. रस दाटसर आणि चकचकीत झाला की तिन्ही भाज्या घाला, उरलेला लसूण घाला आणि मिनिटभर वरखाली करून गॅस बंद करा. वेगळं मीठ घालू नका. वांग्याला मीठ आहे आणि सोया सॉसही खारट असतो. घरात रक्तदाबाचं कुणी असेल तर सोया सॉस निम्माच घ्या.

आता ही भाजी कशाशी खायची? तिकडे आज भात खातात. पण ज्वारी त्या भागातलं जुनं पीक आहे. तिला ते 'गाओल्यांग' म्हणतात आणि पूर्वी घरोघरी तिच्या कण्या शिजवून खात. तेव्हा आपण ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी खाल्ली, तर काही परकं करतोय असं नाही. आणि ज्या सोयाबीनचा सॉस होतो, ते तिथेही अमाप पिकतं आणि आपल्या मराठवाड्या-विदर्भातही.

त्या ताईंच्या मुलाचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "हे चायनीज नाही, यात वांगं आहे." आईनं सांगितलं, "मंचुरियन ज्या गावाचं नाव लावतं ना, तिथलं हे जेवण आहे." त्यानं बटाटे वेचून खाल्ले. दुसऱ्या वेळी वांगीही खाल्ली. गाडीवरचं चायनीज पूर्ण सुटलेलं नाही, आता आठवड्यातून एकदा जातो. ताईंची बचत पुढच्या बैठकीला आली, मागची थकबाकीही दोन हप्त्यांत भरायची ठरली.

वांग्याची पाटी तुमच्याही घरी पडून असेल, तर या आठवड्यात करून बघा. कुठे बिघडलं, काय बदललं, ते आपल्या गटाच्या बैठकीत नक्की सांगा. आम्हालाही अजून शिकायचं आहे.