कान नसलेले पिस्तूल

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. आजऱ्यात पाऊस नुकता उघडला होता, घनसाळ भाताला लोंब्या येऊ लागल्या होत्या. मी ओसरीवर बसलो होतो. ओळखीतला एक तरुण टॉवेलात काहीतरी गुंडाळून घेऊन आला आणि म्हणाला, "चाचा, जरा वाचून दावा. ह्यावर फारसी लिवलंय म्हणत्यात."

मी कविता लिहितो त्या मराठीत. पण नाव मुसलमानाचे, लहानपणी अलिफ-बे शिकलेला, त्यामुळे गावात कुठेही वेटोळी अक्षरे सापडली की ती माझ्याकडे येतात. जुनी सनद येते, दर्ग्यातली पाटी येते. एकदा तर चिनी बशी आली होती. त्या दिवशी पिस्तूल आले.

वीतभराहून लांब लोखंडी नळी, शिसवी लाकडाची मूठ, पितळी पट्ट्या आणि वर गार धरणारा घोडा. पोराने सांगितलेली हकिकत अशी : १८४४ साली इंग्रजांविरुद्ध गडकऱ्यांचे बंड झाले, तेव्हा त्यांचे पूर्वज सामानगडावर होते. हे पिस्तूल त्यांचे. यंदा खंडेनवमीला पूजा करून, दारू ठासून, एक बार काढायचा बेत होता.

बंड खरेच झाले होते. सामानगड आणि भुदरगड आमच्यापासून फार दूर नाहीत. पिढीजात हक्क आणि जमिनी जाणार म्हणून गडकरी उठले आणि ऑक्टोबर १८४४ मध्ये इंग्रजी फौजेने सामानगड घेतला. हकिकत अशक्य नव्हती. पण बार काढायचा म्हटल्यावर मी ते हातातून काढून घेतले.

माझ्या वडिलांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरे भातात उतरत, तेव्हा माळ्यावर त्यांच्याजवळ बसून मी पाहत असे. त्यांचा पहिला धडा हा, की कोणतीही बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. जुन्या घरांत ठासलेली बंदूक तशीच खुंटीला राहते, माणूस जातो आणि दारू आत वर्षानुवर्षे पडून असते. त्यासाठी एक साधी तपासणी आहे. तोंड माणसांपासून दूर ठेवून गज नळीत अलगद सोडायचा, तोंडाशी खूण करायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहायचा. गज बुडापर्यंत पोचला तर नळी रिकामी. बोटभर आधी अडला तर आत काहीतरी आहे, मग हात लावायचा नाही. हा गज पुरता आत गेला.

आता ओळख पटवायची होती. वस्तूची ओळख सांगोवांगीच्या हकिकतीपासून सुरू केली की डोळ्यांना हकिकतच दिसते. म्हणून मी कळीपासून सुरुवात केली.

आपल्याकडे फार काळ चालली ती तोड्याची बंदूक. जळती वात, म्हणजे जामगी, रंजकाला टेकवायची आणि बार उडवायचा. चकमकीची कळ सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये निघाली. घोड्याच्या जबड्यात चामड्यात धरलेली गार पोलादी पट्टीवर आपटते, ठिणग्या वाटीतल्या रंजकावर पडतात, आणि नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकातून, ज्याला कान म्हणतात त्यातून, आग आतल्या दारूपर्यंत जाते. ती दारू म्हणजे शंभर भागांत साधारण ७५ भाग सोरा, १५ कोळसा आणि १० गंधक. चकमकीच्या कळीला उत्तम पोलादाची कमान लागते. तोड्याची बंदूक मात्र गावचा लोहारही दुरुस्त करी. म्हणून आपल्याकडे चकमक आली तरी तोडा गेला नाही. टिपू सुलतानाच्या कारखान्यांत चकमकीची शस्त्रे बनत. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याला बनत. गडावरच्या शिबंदीच्या हाती मात्र सहसा लांब तोड्याचीच बंदूक असे.

इथे पहिली शंका आली. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे.

मग नक्षी पाहिली. ती फारसी नव्हती, कोणतीच लिपी नव्हती. कुणीतरी हौसेने, छिन्नीने काढलेली वेल होती. तरुणाचा चेहरा थोडा उतरला.

त्यानंतर स्क्रू. जुन्या कारागिराने हाताने आटे पाडलेला स्क्रू सहसा त्याच्याच भोकात बसतो, शेजारच्यात नाही. आट्यांचे एक ठरावीक माप असावे ही सूचना जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडमध्ये केली तीच मुळी १८४१ साली. ह्या पिस्तुलाचे दोन स्क्रू मी अदलाबदल करून बसवले, निमूट बसले. मुठीखालची पितळी टोपी काढली तर आत फुलीच्या खाचेचा स्क्रू. तो अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात आला. सामानगडावर तो कुठला असणार?

शेवटी खिटी काढून नळी लाकडातून उचलली. जुनी नळी लोखंडाची पट्टी गुंडाळून, तापवून, ठोकून जोडलेली असते. ही सबंध पोलादी दांड्यातून भोक पाडून केलेली होती. वरून दिसणारी अक्षरे कानशीने घासली होती, पण लाकडाखाली झाकलेल्या बाजूवर इंग्रजीत स्वच्छ छाप होता : 'फक्त काळी दारू' आणि 'मेड इन स्पेन'.

ही जात नंतर कोल्हापूरच्या एका जाणकार स्नेह्यांनी समजावली. अमेरिकेत जुन्या पद्धतीच्या बंदुका उडवण्याचा मोठा शौक आहे. १९७६ साली तिथल्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली, त्या सुमारास तो फारच वाढला. स्पेन आणि इटलीतले कारखाने त्यांच्यासाठी सुट्या भागांचे संच बनवत : तयार नळी, तयार कळ, अर्धवट घडवलेले लाकूड आणि कागदी नकाशा. घरी बसून घासायचे, बसवायचे, पॉलिश करायचे. आमच्या पिस्तुलाने जाणत्यालाही क्षणभर चकवले असते, कारण संचातले मूळ लाकूड जाऊन त्या जागी इथले शिसव आले होते.

एक कोडे मात्र उरले. वाटीच्या समोर, जिथे कान असायला हवा, तिथे नळी कोरी होती. नुसती टोचणीची खूण होती. म्हणजे हे पिस्तूल जन्मात एकदाही उडाले नव्हते.

"मग परवाना नको न्हवं?" पोराने विचारले. तसे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या, कालबाह्य शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्ती करूनही जे उडू शकणार नाही अशालाच. इथे एक भोक पाडले की काम झाले. आणि भोक नसलेल्या नळीत दारू ठासून घरगुती खटपट करणे म्हणजे हात गमावणे.

आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो. मी जपून, शब्द तोलत सांगत होतो. खरे तर मला भीती होती, की सामानगडाचा मान ह्या घरातून मी काढून नेतोय. कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या आजीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "व्हय, ते ह्यांनीच केल्यालं. बोटीवर नोकरीला हुते, तवा खोका आणलेला. दोन पावसाळं पडवीत बसून घासत हुते. लाकूड फुटलं तर नवं केलं."

"मग आजी, इतकी वर्षं बोलला का न्हाईस?"

"इचारलं कुणी?"

मी कानाचे विचारले. तिने मान खाली घालून शेंग फोडली. "मी पाडू दिलं न्हाई. घरात पोरं ल्हान हुती."

सामानगडाची हकिकत वेगळी, पिस्तूल वेगळे. दोन्ही एकाच भिंतीवर टांगल्यामुळे वर्षांनी एक झाले होते. पूर्वज गडावर होते की नाही, हे पिस्तुलावरून ठरत नाही. त्यासाठी कागद शोधावे लागतील. ते मी वाचून देईन असे कबूल केले आहे, मोडी असले तरी.

पिस्तूल आम्ही अर्ज लिहून पोलीस ठाण्यात जमा केले. खंडेनवमीला त्या घरी जेवायला होतो. पाटावर कोयते, विळे मांडले होते आणि मधोमध, हळदकुंकू लावून, आजोबांच्या तीन कानशी.