केर ओढणारे यंत्र : उभे की आडवे?



माझा एक जुना विद्यार्थी आज एका खेड्यातील हायस्कुलात शिक्षक आहे. गेल्या महिन्यात त्याचे पत्र आले. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला व्हॅक्यूम क्लीनर, म्हणजे केर ओढून घेणारे यंत्र, द्यायचे ठरवले आहे. त्यांतला एक जण इंग्लंडात असतो. त्याने कळवले, “उभे यंत्र घ्या. आमच्या घरी तेच आहे, उत्तम चालते.” तालुक्याचा दुकानदार म्हणतो, “सिलिंडरचे घ्या.” पत्रात पुढे लिहिले आहे, “सर, सिलिंडर म्हटल्यावर आमच्या शिपायाला वाटले, याला गॅस लागतो की काय! पण थट्टा राहू द्या. मला दम्याचा त्रास आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. मुलांनी वर्ग झाडला की अर्धा तास मला आत पाऊल टाकवत नाही. शिवाय पैसा लोकांचा आहे. चुकीची वस्तू आली तर ती कपाटात पडून राहील. काय घेऊ ते कळवा.”

त्याला जे उत्तर लिहिले, तेच आज आपल्यापुढे थोडे विस्ताराने मांडतो.

प्रथम हे यंत्र काम कसे करते ते पाहू. आत एक विजेची मोटार असते आणि तिच्यावर एक पंखा. पंखा आतली हवा मागून बाहेर फेकतो. त्यामुळे यंत्राच्या पोटात हवेचा दाब कमी होतो. बाहेरची हवा ती उणीव भरून काढायला तोंडातून आत धावते आणि धावता धावता केरकचरा बरोबर नेते. वाटेत पिशवी किंवा डबा असतो, तिथे केर अडकतो. पुढे गाळणी असते, तिच्यातून हवा गाळून बाहेर पडते. कोणतेही यंत्र घ्या, तत्त्व एवढेच.

या तत्त्वाचा इतिहासही मोठा मौजेचा आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनियराने एक यंत्र पाहिले. ते हवेच्या झोताने धूळ उडवीत असे. बूथच्या मनात आले, उडवण्याऐवजी ओढून का घेऊ नये? त्याने एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला आणि रुमालाला तोंड लावून जोराने श्वास आत ओढला. रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा ठसा उमटला. त्यावरून त्याने यंत्र बांधले, पण ते एवढे अवजड की घोडे जुंपून रस्त्यावर उभे करायचे आणि खिडक्यांतून लांब नळ्या घरात सोडायच्या!

यंत्र हातात मावेल असे झाले ते अमेरिकेत. ओहायो राज्यातील कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर हा एका दुकानात झाडलोट करी. त्यालाही दमा होता. झाडताना उडणाऱ्या धुळीने बिचारा हैराण होई. त्याने पंख्याची मोटार, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा एकत्र जोडून यंत्र बनवले. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले आणि ते हक्क त्याने हूव्हर कुटुंबाला विकले. दांडा धरून पुढे ढकलायचे, मोटार खाली, पिशवी दांड्याला टांगलेली, हे झाले उभे यंत्र. पुढे १९२१ साली स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने निराळी तऱ्हा काढली. मोटार आणि पिशवी एका आडव्या नळकांड्यात घातली, ते नळकांडे जमिनीवरून मागे ओढायचे आणि हातात फक्त लवचीक नळी धरायची. हेच सिलिंडर यंत्र. आज त्याचा आकार पुष्कळदा गोल डब्यासारखा किंवा पेटीसारखा असतो, पण नाव तेच राहिले.

आता दोहोंतला खरा भेद ऐका. उभ्या यंत्राच्या तोंडाशी बहुधा ब्रशाचा एक फिरता रूळ असतो. गालिच्याच्या दाट लवेत रुतलेली माती तो झटकून वर आणतो, मग हवा ती ओढून नेते. इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ घरांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा जमिनीला पक्का बसवलेला असतो. तो उचलून अंगणात आपटता येत नाही. तिथे उभे यंत्र शोभते. सिलिंडर यंत्राचा भर मुख्यतः हवेच्या ओढीवर. त्याचे तोंड चपटे, म्हणून ते बाकाखाली, कपाटाखाली शिरते. तोंड बदलून मऊ केसांचा ब्रश लावला की पुस्तके, तावदाने आणि पंख्याची पातीदेखील साफ होतात. जिन्यावर उभे यंत्र सगळेच्या सगळे उचलावे लागते. सिलिंडरची नुसती नळी वर नेता येते.

म्हणजे इंग्लंडातला मित्र खोटे बोलला नाही. त्याने आपल्या जमिनीपुरते खरे सांगितले. आपल्या शाळेत शहाबादी फरशी किंवा टाइल. त्यावर फिरता रूळ चालवला तर जाड खडे आत जाण्याऐवजी चौफेर उडतात. काही उभ्या यंत्रांत रूळ बंद करता येतो, काही सिलिंडर यंत्रांना फिरता रूळ जोडताही येतो. पण मूळ ठेवण लक्षात घ्यावी. आपल्या घरी केरसुणी असते आणि खराटाही असतो. दोहोंतले चांगले कोणते, असे आपली आजी कधी विचारीत नसे. ती विचारी, “झाडायचे कुठे?” घर म्हटले की केरसुणी, अंगण म्हटले की खराटा. यंत्राचेही तसेच आहे. आधी जमीन पाहावी, मग यंत्र.

दुकानात दुकानदार वॅटचा आकडा पुढे करतो. त्याने भुलू नये. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते. किती केर खाते, ते नव्हे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये या यंत्रांना १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली. म्हणून तिथली घरे काही केराने भरली नाहीत! तोंडाची घडण आणि हवेची वाट नीट असली की कमी विजेतही काम होते.

दमेकऱ्याने मात्र सर्वांत आधी गाळणी पाहावी. गाळणी वाईट असेल तर समोरून ओढलेली बारीक धूळ यंत्र मागून पुन्हा खोलीत सोडते, आणि छातीत शिरते ती हीच धूळ. हेपा नावाची गाळणी ०.३ मायक्रॉनचे दहा हजार कण आले तर त्यांतले निदान ९,९९७ अडवते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ‘हेपासारखी’ असे लिहिलेले असेल तर तेवढ्यावर विश्वासू नये, दर्जा विचारावा.

आणखी दोन-तीन गोष्टी. पाणी, ओला केर, निखारे किंवा गरम राख या यंत्राने ओढू नये. पाण्याकरिता निराळी यंत्रे असतात. सारवलेल्या जमिनीवर ते वापरू नये, कारण ते केराबरोबर सारवणही खरवडून काढील. पिशवी किंवा डबा दमेकऱ्याने स्वतः रिकामा करू नये. दुसऱ्या कोणी तो उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन, नाकाला फडके बांधून रिकामा करावा. गाळणी केव्हा बदलायची आणि ती तालुक्याला मिळते का, हे विकत घेण्याआधीच विचारावे. ती न मिळाल्याने यंत्र कपाटात जाते.

माझ्या विद्यार्थ्याला मी लिहिले, “सिलिंडर घे, हेपा गाळणीचे घे. दुकानात मूठभर माती फरशीवर टाकून चालवून पाहा. यंत्राने दमा बरा होणार नाही, औषध चालूच ठेव. आणि ज्या दिवशी वीज नसेल त्या दिवशी वर्ग कोरडा झाडू देऊ नकोस, ओल्या फडक्याने पुसून घे. फळादेखील तसाच पूस.”

स्पँगलरने यंत्र केले ते झाडताना कोंडणारा श्वास मोकळा व्हावा म्हणून. आपल्या शाळेत वर्ग झाडण्याची पाळी लहान मुलांवर येते. त्यांच्याही छातीत तीच धूळ जाते, हे आपण शिक्षकांनी विसरू नये.