एक सावरला, दुसरा बुडाला

जपानमधील क्योतो शहरात १८८९ साली हनाफुदा नावाचे पत्ते बनविण्यासाठी सुरू झालेल्या निन्टेंडो या कंपनीने २०११ आणि २०१२ या लागोपाठच्या वर्षांत दोन नवे गेम कन्सोल बाजारात आणले आणि दोन्ही उंबरठ्यावरच अडखळले. कन्सोल म्हणजे प्रामुख्याने व्हिडिओ गेम खेळण्यासाठीच घडविलेला संगणक, मग तो टीव्हीला जोडायचा असो वा खिशात घालून हिंडवायचा. दोन्ही वेळी कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता हेच होते आणि किंमत उतरवून मारियोसारख्या हुकमी पात्रांचे गेम पुढे करण्याचा उपायही दोन्ही वेळी योजला गेला. तरीही थ्रीडीएस या पहिल्या यंत्राची विक्री अखेरीस साडेसात कोटींच्या पुढे गेली, तर वी यू हे दुसरे यंत्र १ कोटी ३६ लाखांच्या आसपास थांबले. विक्री मंदावलेला कन्सोल पुन्हा उभा राहू शकतो का, याचा विचार करायला याहून सोयीची जोडी सापडणे कठीण आहे, कारण इतर उदाहरणांत कंपनी, काळ आणि नेतृत्व सारेच बदलत असल्याने फरक नेमका कशाने पडला याचा उलगडा सहसा होत नाही.

या धंद्याचे गणित इतर विद्युत उपकरणांच्या धंद्याहून निराळे आहे. कन्सोल बहुधा अत्यल्प नफ्यावर, पुष्कळदा सुरुवातीला तोटा सोसूनही विकला जातो, आणि खरी कमाई होते ती त्यावर चालणाऱ्या गेमच्या विक्रीतून. कंपनी स्वतः गेम बनविते ते वेगळेच, पण बाहेरच्या निर्मात्यांनी त्या कन्सोलसाठी बनविलेल्या गेमच्या विक्रीतही तिला परवाना शुल्काच्या रूपाने वाटा मिळतो. म्हणून आजवर किती घरांत कन्सोल पोहोचला, हा आकडा सर्वांत मोलाचा ठरतो. तो लहान असला की बाहेरचे निर्माते हात आखडता घेतात, त्यामुळे नवे गेम येत नाहीत, गेम नाहीत म्हणून ग्राहक फिरकत नाही आणि आकडा आणखीच खुंटतो. हे दुष्टचक्र एकदा फिरू लागले की ते थांबविण्याचा सारा भार कन्सोलच्या मालक कंपनीवर पडतो, कारण अशा वेळी पदरमोड करून गेम काढण्यात स्वारस्य असणारे दुसरे कोणी उरलेले नसते. (महाराष्ट्रातील शहरांत १९९०च्या दशकात ‘कॅसेट’ घालून खेळले जाणारे जे स्वस्त व्हिडिओ गेम घरोघरी दिसत, ते बव्हंशी निन्टेंडोच्याच १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’च्या नकला होत्या; त्यांची विक्री कितीही झाली तरी या गणितात ती कुठेच जमा होत नव्हती.)

थ्रीडीएस जपानमध्ये २६ फेब्रुवारी २०११ रोजी २५,००० येनला विक्रीस आला. विशेष चष्मा न लावता पडद्यावर खोलीचा आभास निर्माण करणे हे त्याचे वैशिष्ट्य होते आणि आधीच्या ‘डीएस’ या हातातील यंत्राच्या १५ कोटींवरील विक्रीमुळे अपेक्षाही तशाच मोठ्या होत्या. परंतु विक्री सुरू होऊन दोन आठवडे होतात न होतात तोच ११ मार्चचा भूकंप आणि त्सुनामी यांनी जपान हादरला, आणि नंतरच्या महिन्यांत अमेरिका व युरोपातही मागणी वाढेना. किंमत जास्त होती, बॅटरी लवकर उतरत होती, सहा वर्षांखालील मुलांनी त्रिमितीय चित्र पाहू नये असा इशारा कंपनीनेच दिलेला असल्याने पालक साशंक होते आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे पहिल्या दिवशीच्या गेममध्ये मारियोचा नवा गेम नव्हता. एप्रिल ते जून २०११ या तिमाहीत जगभरात मिळून जेमतेम ७ लाख १० हजार यंत्रे विकली गेली, आणि वर्षाचे उद्दिष्ट तर १ कोटी ६० लाखांचे होते.

जुलैच्या अखेरीस इवातांनी घेतलेला निर्णय या उद्योगाच्या रिवाजाला सोडून होता. बाजारात येऊन सहा महिनेही न झालेल्या यंत्राची किंमत जपानमध्ये २५,००० वरून १५,००० येनवर, म्हणजे दोन-पंचमांशाने, आणि अमेरिकेत सुमारे २५० डॉलरवरून १७० डॉलरवर आणली गेली. ज्यांनी आधीच पूर्ण किंमत मोजली होती त्यांचा रोष ओढवणार हे उघड असल्याने अशा ग्राहकांना ‘अँबॅसडर’ ठरवून २० जुने गेम मोफत दिले गेले. त्यांतले दहा ‘फॅमिकॉम’ या कंपनीच्या जुन्या घरगुती कन्सोलवरचे आणि दहा ‘गेमबॉय ॲडव्हान्स’वरचे होते. इवातांनी स्वतःचे वेतन निम्म्याने कापून घेतले आणि इतर संचालकांच्या वेतनालाही कात्री लागली. नव्या किमतीत प्रत्येक यंत्र उत्पादनखर्चापेक्षा कमी दराने जात होते, तेव्हा हा सौदा तात्पुरता अंगलट येणारच होता. मार्च २०१२ला संपलेल्या वर्षी निन्टेंडोला ३७.३ अब्ज येनचा कार्यकारी तोटा, म्हणजे व्याज व चलनदरातील चढउतार वगळता प्रत्यक्ष धंद्यातला तोटा, सहन करावा लागला.

मात्र किंमत उतरल्यानंतर तीन-चार महिन्यांतच, नोव्हेंबर-डिसेंबरच्या मोसमात, ‘सुपर मारियो थ्रीडी लँड’ आणि ‘मारियो कार्ट ७’ हे दोन गेम पाठोपाठ आले. नाताळपूर्वीचे हे आठवडे पाश्चात्त्य खेळण्यांच्या व्यापाराला दिवाळीच्या हंगामासारखेच असतात. ते हुकले की दुकानदाराला पुढचे वर्षभर त्याची भरपाई करता येत नाही. स्वस्त झालेले यंत्र आणि ते घेण्याचे कारण ठरावे असे गेम एकाच मोसमात दुकानात आले, हा या प्रकरणातला कळीचा भाग आहे. त्यातच जपानमध्ये कमालीची लोकप्रिय असलेली ‘मॉन्स्टर हंटर’ ही मालिका आणण्यास कॅपकॉम ही बाहेरची कंपनी राजी झाल्याने इतर निर्मात्यांचाही धीर वाढला. जाहीर केलेले १ कोटी ६० लाखांचे उद्दिष्ट गाठता आले नाही तरी वर्षाअखेर सुमारे १ कोटी ३५ लाख यंत्रे विकली गेली, आणि पहिल्या तिमाहीची गती पाहता हा आकडा कोणी धरून चालला नसता.

हाच अनुभव गाठीशी घेऊन निन्टेंडोने नोव्हेंबर २०१२ मध्ये टीव्हीला जोडण्याचा वी यू हा कन्सोल अमेरिकेत आणला. त्याचा पूर्वज ‘वी’ हा दहा कोटींहून अधिक घरांत पोहोचलेला होता, आणि आजी-आजोबांनाही चेंडूने खुंट्या पाडण्याचा बोलिंगचा खेळ खेळायला लावणारे यंत्र अशी त्याची ख्याती होती. वी यूची मुख्य करामत म्हणजे ‘गेमपॅड’. हातात धरायच्या या नियंत्रकाच्या मधोमध ६.२ इंचांचा स्पर्शपडदा होता, जेणेकरून टीव्हीवर एक आणि हातात दुसरे दृश्य दिसावे. जून २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात त्याची पहिली ओळख करून देताना सारा भर याच गेमपॅडवर ठेवला गेला आणि मूळ यंत्र जवळजवळ दृष्टिआड राहिले. परिणामी हा नवा कन्सोल आहे की जुन्या वीला जोडायचा नवा पडदा, याबद्दल ग्राहकांचा घोळ झाला, आणि विक्री सुरू झाल्यानंतरही तो पुरता निवळला नसल्याची कबुली इवातांना द्यावी लागली.

नाव आणि जाहिरात यांतील चूक दुरुस्त करता आली असती; गेमचा दुष्काळ मात्र अधिक खोल दुखणे होते. निन्टेंडोचे निर्माते प्रथमच उच्च दर्जाच्या चित्रांकनाकडे, म्हणजे एचडीकडे वळत होते आणि त्यासाठी लागणारी माणसे व वेळ यांचा त्यांचा अंदाज चुकला. २०१३च्या पहिल्या महिन्यांत कंपनीचे स्वतःचे नवे गेम जवळजवळ आलेच नाहीत. याच सुमारास युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने जे केले ते पाहिले म्हणजे दुष्टचक्र कसे फिरते हे अगदी जवळून दिसते. ‘रेमन लेजंड्स’ हा तिचा गेम केवळ वी यूसाठी म्हणून जाहीर झाला होता, त्यात गेमपॅडचा उपयोगही मुद्दाम गुंफलेला होता आणि फेब्रुवारी २०१३ मधील त्याची तारीख ठरलेली होती. तारीख तोंडावर आलेली असताना कंपनीने तो सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलला, कारण आता तो प्रतिस्पर्धी कन्सोलवरही एकाच वेळी आणायचा होता. गेम जवळजवळ तयार असताना वी यूच्या ग्राहकांना सात महिने ताटकळत ठेवण्यात आले, ते इतर कन्सोलवरील ग्राहक अधिक होते म्हणून. एप्रिल ते जून २०१३ या तिमाहीत जगभरात वी यूची विक्री १ लाख ६० हजार झाली; थ्रीडीएसच्या त्या कुप्रसिद्ध तिमाहीच्या तुलनेत ती पाव हिश्श्याहूनही कमी होती.

पुन्हा किंमत उतरविण्यात आली खरी, पण या वेळी अमेरिकेत ३५० डॉलरचा संच ३०० डॉलरवर, म्हणजे एक-सप्तमांशाने खाली आला. याहून खाली जाणे अवघड होते, कारण महागडा पडदा असलेला गेमपॅड प्रत्येक पेटीत घालणे भाग होते आणि मूळ किमतीतही यंत्र तोट्यातच विकले जात होते. यासंदर्भात मायक्रोसॉफ्टचे उदाहरण बोलके आहे. खेळाडूच्या हालचाली टिपणारा ‘किनेक्ट’ कॅमेरा सक्तीने सोबत दिल्याने ५०० डॉलरना पडणारा ‘एक्सबॉक्स वन’ सोनीच्या ४०० डॉलरच्या ‘प्लेस्टेशन ४’पुढे मागे पडला, तेव्हा जून २०१४ मध्ये कॅमेरा वगळून त्याची किंमत प्रतिस्पर्ध्याच्या बरोबरीला आणण्यात आली. किनेक्टविना एक्सबॉक्स हा एक्सबॉक्सच राहत होता. गेमपॅड काढून घेतल्यावर वी यूचे वेगळेपण म्हणून काही उरले नसते. शिवाय २०१३च्या अखेरीस आलेल्या या दोन्ही नव्या कन्सोलची अंतर्रचना साध्या घरगुती संगणकाच्या जवळची होती, तर वी यू जुन्या पॉवरपीसी घराण्यातल्या प्रक्रियकावर चालत होता. म्हणजे एकासाठी बनविलेला गेम दुसऱ्यावर थोडक्या श्रमात नेणे त्या दोघांत शक्य होते आणि वी यूसाठी मात्र वेगळा खर्च करावा लागत असे. पाहुणे निर्माते एकामागून एक पाय काढते झाले, यात त्यांचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही.

जानेवारी २०१४ मध्ये वर्षाचे ९० लाखांचे उद्दिष्ट एकदम २८ लाखांवर आणले गेले आणि इवातांनी पुन्हा वेतन अर्ध्यावर घेतले. मे महिन्यात आलेल्या ‘मारियो कार्ट ८’ची पहिल्याच आठवडाअखेरीस १२ लाखांवर विक्री झाली आणि कालांतराने ती ८४ लाखांच्या पुढे गेली. वी यूच्या दर दहा यंत्रांमागे सहा प्रती, असे हे प्रमाण पडते. गेम उत्तम होता, टीकाकारांनी तो वाखाणला होता, मालक कंपनीने भार उचललेला होता. तरी कन्सोल सावरला नाही. थ्रीडीएसला त्याचा मारियो किंमत उतरताच मिळाला, तर वी यूला हा गेम दीड वर्षाने मिळाला, आणि तोवर नव्या प्रतिस्पर्ध्यांचे बस्तान बसलेले होते.

उशीर झाला तरी सावरणारे कन्सोल असतात, पण त्या सावरण्याची किंमत अफाट असते. सोनीचा ‘प्लेस्टेशन ३’ २००६च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ५०० आणि ६०० डॉलर अशा दोन किमतींना आला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचा ‘एक्सबॉक्स ३६०’ वर्षभर आधीच दुकानांत होता. ‘सेल’ नावाचा अनोखा प्रक्रियक आणि त्या काळी महाग असलेली ब्लू-रे तबकडी वाचण्याची सोय यांमुळे यंत्र खर्चिक झाले होते आणि गेम निर्माते त्या प्रक्रियकाच्या क्लिष्टतेने बेजार होते. त्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाचा कार्यकारी तोटा २३२.३ अब्ज येन झाला आणि पुढच्या वर्षी १२४.५ अब्ज. सोनीने जुन्या गेमशी सुसंगतता राखणारे भाग काढून यंत्र स्वस्त केले आणि सप्टेंबर २००९ मध्ये ३०० डॉलरची सडपातळ आवृत्ती आणली. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी-डीव्हीडी हे प्रतिस्पर्धी तंत्र सोडून दिल्याने चित्रपट पाहण्यासाठीही या यंत्राची मागणी वाढली, हा योगही जुळून आला. त्याची एकूण विक्री अखेर साडेआठ कोटींच्या पुढे गेली खरी, परंतु या पुनरुज्जीवनाचा खर्च पेलायला पाठीशी सोनीएवढी कंपनी लागली. सेगा या कन्सोल बनविणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे ती ऐपत नव्हती. तिचा ‘ड्रीमकास्ट’ गेमच्या बाबतीत कोणाला हार जाणारा नव्हता. पण आधीच्या ‘सॅटर्न’च्या अपयशाने तिजोरी रिकामी झालेली असताना मार्च २००० मध्ये प्लेस्टेशन २ अवतरला, आणि जानेवारी २००१च्या अखेरीस ड्रीमकास्टचे उत्पादन थांबविण्याची घोषणा करून सेगा इतरांच्या कन्सोलसाठी गेम बनवू लागली.

निन्टेंडो ऐपतीच्या दृष्टीने सोनीच्या बाजूला बसते, कारण वी आणि डीएस यांच्या सुगीत साठविलेली प्रचंड गंगाजळी तिच्याकडे होती आणि सलग तीन वर्षे कार्यकारी तोटा होऊनही तिला कोणापुढे हात पसरावा लागला नाही. प्रश्न ती गंगाजळी कशावर खर्च करायची एवढाच होता. माणसे कमी करून ताळेबंद सुधारण्याचा मार्ग इवातांनी भागधारकांसमोर नाकारला. नोकरीच्या धास्तीत वावरणाऱ्यांच्या हातून लोकांना भारावून टाकणारे गेम घडणार नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. वी यूची किंमत आणखी पाडून तो रेटण्याचा मोहही कंपनीने टाळला, आणि हा या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल. २०१३ मध्येच हातातील आणि घरगुती यंत्रे बनविणारे स्वतंत्र विभाग एकत्र करण्यात आले होते व त्यातून टीव्हीलाही जोडता येईल आणि उचलून बाहेरही नेता येईल अशा यंत्राची आखणी होत होती. वी यूसाठी मात्र ‘स्प्लॅटून’ आणि ‘सुपर मारियो मेकर’ यांसारखे नव्या कल्पनेचे गेम २०१५ पर्यंत येत राहिले.

इवातांचे ११ जुलै २०१५ रोजी निधन झाले. जानेवारी २०१७ मध्ये वी यूचे उत्पादन संपले, ३ मार्चला त्या आखणीतला ‘स्विच’ बाजारात आला आणि पुढच्याच महिन्यात ‘मारियो कार्ट ८’ किरकोळ भर घालून ‘डीलक्स’ या नावाने त्यावर पुन्हा विकायला काढण्यात आला. वी यूवर जो गेम ८४ लाखांच्या थोडा पुढे जाऊन थांबला होता, त्याच्या या नव्या आवृत्तीच्या सहा कोटींहून अधिक प्रती पुढे खपल्या.