महाराष्ट्रातील ज्वालामुखीचे मुख कोठे शोधावे?

पुण्यातील मंडईची दगडी इमारत 1886 साली खुली झाली. पुणे परिसरात बांधकामासाठी सहज मिळणारा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा होय. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांनी आजही जवळजवळ 5 लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. इतका लाव्हा ज्यातून बाहेर पडला ते मुख कोठे आहे, असा प्रश्न सह्याद्रीत हिंडणाऱ्या जिज्ञासूस पडणे स्वाभाविक आहे.

सह्याद्रीची शंकूसारखी शिखरे विझलेल्या ज्वालामुखींची असावीत, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः आडव्या थरांची झीज होऊन उरलेले ते अवशेष आहेत. एका शिखरावरील थर दरीपलीकडील शिखरावरही त्याच क्रमाने ओळखता येतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर मात्र खरोखरीच वाटोळे असून त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. तेही दीर्घकाळ ज्वालामुखीजन्य मानले जाई. परंतु प्रचंड आघातानेच घडू शकतील असे बदल तेथील खनिजांत झाले असल्याचे 1973 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले, आणि हे विवर अशनिपाताचे ठरले.

दख्खनचा लाव्हा मुख्यतः भूकवचातील लांबलचक भेगांतून वर आला असे मानले जाते. अशा उद्रेकाचे लहान प्रमाणावरील उदाहरण म्हणजे आइसलँडमधील लाकी. तेथे 1783 साली सुमारे 27 किलोमीटर लांबीची भेग उघडली व कित्येक महिने लाव्हा वाहत राहिला. उद्रेक थांबल्यावर भेगेतच थिजलेल्या शिलारसाची जी उभी भिंत तयार होते, तिला भूशास्त्रात ‘भित्ती’ म्हणतात.

अशा भित्ती धुळे-नंदुरबारकडे विपुल आहेत. तशाच त्या कोकणच्या किनाऱ्यावरही आढळतात. मुरूडहून राजपुरीकडे डोंगरकडेने जाताना खाली समुद्र व जंजिरा किल्ला दिसतो. दृश्य रमणीय खरेच; पण अभ्यासकाने ओहोटीची वेळ साधून या परिसरातील उघडे पडलेले खडकही पाहावेत. लाव्ह्याचा थर पसरट असतो, तर भित्ती थरांना छेदून जाते. थरातील स्तंभ सामान्यतः उभे असतात, भित्तीतील आडवे; कारण स्तंभ थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून वाढतात. भित्तीची कड लवकर निवाल्यामुळे बारीक कणांची, तर मध्यभाग त्या मानाने भरड असतो. भरतीचे पाणी चढू लागताच खडकावरून परतावे, हे सांगावयास नकोच.

मात्र प्रत्येक भित्ती हे लाव्ह्याचे मुख होते असे समजणे योग्य नव्हे. काही भित्तींतील शिलारस भूपृष्ठापर्यंत पोहोचलाच नाही. काही तर थर साचून झाल्यावर त्यांत घुसल्या. भित्तीचे रासायनिक घटक एखाद्या थराशी जुळले, तरच त्या थराचा उगम तिच्यात असण्याचा संभव धरता येतो. म्हणून भित्ती आढळल्यास तिची दिशा व रुंदी मोजावी आणि ती कोणत्या थरापर्यंत चढली आहे हे टिपून ठेवावे. महाराष्ट्रात ज्वालामुखीचे मुख शोधणाराने खोल खड्ड्याऐवजी खडकातील या उभ्या रेघेकडे पाहावयास शिकले पाहिजे.