शौचातून रक्त जाते? मूळव्याधच असेल असे धरू नका

चोपड्याच्या वस्त्यांत फिरताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो, "संडासला रक्त जातं का?" बायाबापड्या पदराआड हसतात. पुरुष म्हणतात, "मूळव्याध आहे ताई, तिखट जास्त झालं की होतं." बहुतेक वेळा ते खरेही असते, पण दरवेळी नाही.

इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वर्षे वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी शौच तपासणीचा संच टपालाने घरी येतो. डोळ्यांना न दिसणारे रक्त त्यात सापडले, तर आतड्याची दुर्बिणीने तपासणी होते. त्यात कधी आतड्याचा नेहमीचा कर्करोग सापडतो, तर क्वचित लिम्फोमा. आपल्याकडे ३० वर्षांवरील लोकांची सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आहे, आतड्यासाठी नाही. म्हणून त्रास दिसताच आपणच दवाखाना गाठला पाहिजे.

लिम्फोमा म्हणजे काय?

रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा हा कर्करोग. तो बहुधा गळ्या-काखेतल्या गाठींत होतो; पण पोटातही होतो. पोटात सर्वांत जास्त जठरात, त्याखालोखाल लहान आतड्यात, आणि मोठ्या आतड्यात कमी. तो संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-तांब्या वेगळे करू नका.

जठरातला एक सावकाश वाढणारा लिम्फोमा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे होतो. हा जंतू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले. जंतू मारणाऱ्या गोळ्यांनीच यातले बरेच रुग्ण बरे होतात. इतर प्रकारांना केमोथेरपी लागते. प्रत्येकाला ऑपरेशन लागतेच असे नाही.

टीबीशी गल्लत

आपल्या भागात मोठा धोका इथेच आहे. आतड्याचा टीबी आणि लिम्फोमा यांची लक्षणे सारखीच: पोटदुखी, ताप, रात्री घाम, वजन घटणे. नुसत्या सोनोग्राफीवरून फरक कळत नाही. त्यासाठी दुर्बिणीने तुकडा काढून तपासावा लागतो. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही भीती चुकीची आहे. टीबीची औषधे दोन-तीन महिने नियमित घेऊनही उतार नसेल, तर औषध मनाने बंद करू नका, "तुकड्याची तपासणी झाली का?" हे डॉक्टरांना विचारा.

कधी जायचे?

शौचातून रक्त किंवा डांबरासारखे काळे शौच, कारण नसताना वजन घटणे, पोटात गाठ लागणे, महिन्याहून जास्त पोटदुखी किंवा जुलाब, अंगात रक्त कमी होणे. यातले एकही असेल तर आधी चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जा, तिथून गरजेप्रमाणे जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. रेशन कार्ड, आधार कार्ड आणि जुने सगळे कागद सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

लाज बाळगली तर रोगाला वेळ मिळतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आज एकदा विचारा.